दुपारचं दळण

पोरांनो, हिवरखेडच्या आपल्या गल्लीतल्या चक्कीवाल्या चाचांचं नाव मला कधीच कळलं नाही.

शेती परवडेना म्हणून गावाभोवती कितीतरी जणांनी वावरात सोलरच्या प्लेटा बसवून ती वीज गावाच्याच लाइनीत सोडली होती. त्या उन्हाळ्यात दुपारी विजेचा दाब इतका चढायचा, की तुमच्या आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन आपोआप बंद पडायचं. ट्रान्सफॉर्मर नीट होईपर्यंत आम्ही दुपारी सिलिंडर लावायचो, आणि तोही वेळेवर मिळायचा नाही.

हे मी चाचांना बोलता बोलता सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुपारची झोप सोडली. सकाळी आलेले दळणाचे डबे दुपारसाठी बाजूला ठेवून ते भर उन्हात दळायला लागले. पीठ उडालेल्या भुवया वर करून ते आधी बल्बकडे बघत, मग चक्की सुरू करत. मोठी मोटर फिरली, की ती जादा वीज ओढून घ्यायची, दाब उतरायचा आणि भगभगणारा बल्ब निवायचा. मग चक्कीचा आवाज ऐकून मी इकडे घरात मशीनचं बटण दाबायचे आणि ते चालायचं.

"चाचा, या उन्हात दळता, डोस्कं फिरलं काय?" शेजारणीनं विचारलं.

"बाई, पयले बिजली येतच नव्हती. आता उतू जाऊन राहिली. कोनीतरी प्यायले पायजे ना!"

आभाळातल्या सूर्याचा जोर हा माणूस ज्वारीच्या पिठात जिरवत होता. मी थक्क होऊन बघत राहायचे.

पुढे ट्रान्सफॉर्मर नीट झाला आणि चाचा पुन्हा दुपारी झोपू लागले. अजूनही दुपारी चक्की गप्प असली, की मी उठून आजोबांचा श्वास ऐकून येते.