रोहा फर्स्टची खोली

पेणच्या आमच्या गल्लीत चारचाकी शिरत नाही, आणि मला विचाराल तर गल्लीचं सगळं भाग्य त्यातच आहे. गाडी दारात लागेना म्हणून जुनी मंडळी हायवेकडच्या नव्या बिल्डिंगांत निघून गेली आणि खोल्या भाड्याने दिल्या. कुणाला? आम्हाला! नागोठण्याच्या कंपनीतले ऑपरेटर, दवाखान्यातल्या नर्सा, नुकती नोकरी लागलेल्या शिक्षिका, हंगामापुरते गणपतीच्या कारखान्यात आलेले रंगारी. अख्ख्या गल्लीत पिकलेलं डोकं शोधून सापडायचं नाही.

आणि चालणं! दूध, भाजी, शिंपी, जिम, स्टँड, तळ्याकाठची भेळ, चपला पायात सरकवल्या की सगळं आलंच. दोन्ही कडेला गणपती वाळत ठेवलेले असतात, त्यांच्यामधून अंग चोरून जायचं, त्यामुळे समोरून येणाऱ्याशी बोलल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. नवी होते तेव्हा घरातलं मीठ संपलं की मला आनंद व्हायचा. चला, एक फेरी झाली!

इथे माणसं नावानं ओळखली जात नाहीत, शिफ्टनं ओळखली जातात. मी रोह्याच्या कंपनीत लॅबला, सकाळच्या पाळीला, म्हणून मी 'रोहा फर्स्ट'. कोपऱ्यावर एका वहिनींची चहाची टपरी आहे. तिच्या फळीवर खिळे ठोकलेत आणि सगळ्या गल्लीच्या चाव्या तिथे टांगलेल्या असतात. पाहुणा आला की शिफ्ट सांगायची, चावी घ्यायची. शिफ्ट बदलली की चावीनं खिळा बदलायचा.

माझं गाव कासूजवळ. आता गंमत बघा. कंपनीची बस पेणहून निघते आणि कासूवरूनच रोह्याला जाते. म्हणजे मी माझ्याच घरावरून रोज कामाला जाते! बाबांचं म्हणणं एकच, ही उलटी गंगा कशासाठी? कॉलेजसाठी पेणला राहिलीस, ते ठीक; आता घरी ये. मला ही गल्ली आवडते, हे काय उत्तर झालं? शेवटी ठरलं, आई एकदा येऊन बघेल आणि ती म्हणेल तसं. आमच्या घरात आईचा शब्द शेवटचा. तिला गल्ली पटली नाही तर त्याच दिवशी माझी बॅग भरायची होती.

आई ज्या दिवशी आली, त्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. प्लँटमध्ये मोबाईल नेता येत नाही, म्हणून तिला आधीच पढवून ठेवलं होतं, "नाव सांगू नको, कोणी ओळखायचं नाय. टपरीवर 'रोहा फर्स्ट' म्हण, चावी मिळेल." एवढं हुशारीनं सांगताना मी एक विसरले. माझ्या समोरच्या खोलीतला, माझ्याच कंपनीतला मुलगा त्याच आठवड्यात सेकंडवरून फर्स्टला आला होता, म्हणजे आता तोही 'रोहा फर्स्ट'. हा श्रीवर्धनकडचा मुसलमान, वडील कुवेतला. आमची सलगी एवढीच की तो बसमध्ये खिडकी सोडत नाही आणि मी त्याला रोज शिव्या देते.

आई मिनीडोर रिक्षातून उतरली तेव्हा वहिनी दूध आणायला गेल्या होत्या. टपरीशेजारी रंगारी गणपतीचे डोळे आखत बसला होता. डोळे आखताना तो श्वाससुद्धा बेतानं घेतो, बोलणं तर दूरच. आईनं 'रोहा फर्स्ट' म्हणताच त्यानं मान वर न करता हनुवटीनं खिळा दाखवला आणि मग दार दाखवलं. चावी लागली. आई आत गेली.

तीनच्या सुमारास मी आणि तो मुलगा बसमधून उतरलो आणि खिडकीवरून भांडतच गल्लीत शिरलो. सुकटीचा वास कोपऱ्यापर्यंत आला होता. त्याच्या खोलीचं दार सताड उघडं. दोरीवर त्याचे शर्ट धुऊन वाळत घातलेले. आत स्टोव्हपुढे माझी आई!

तिनं आम्हाला दोघांना एकत्र बघितलं. त्याला नखशिखांत न्याहाळलं. मग म्हणाली, "हातपाय धुवा दोघांनी. वाढते."

खाटेवर त्याचा नमाजाचा जानमाज झटकून, नीट घडी घालून, उशीजवळ ठेवला होता. म्हणजे तिनं सगळं पाहिलं होतं. दाढीचं सामान, पुरुषाचे कपडे, सगळं.

"आये, ही माझी खोली नाय."

"नको गो लपवू आता. लगीन केलंस तर केलंस. मला सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?"

आधी त्या मुलाच्या डोक्यात प्रकाश पडला. कानापर्यंत लाल होत तो मागच्या मागे रस्त्यावर गेला. "काकी, हिची खोली समोरची! मी नुसता बसमध्ये असतो हिच्यासोबत!" तेवढ्यात वहिनी दूध घेऊन आल्या, रंगाऱ्याच्या लक्षात आपला पराक्रम आला, आणि सगळी गल्ली पोट धरधरून हसायला लागली. मीही हसले. हसता हसता मला रडू फुटलं, ते कुणाला कळू दिलं नाही.

आई मात्र हसली नाही. पदरानं तोंड पुसून ती खाटेवर बसली. "म्हणजे लगीन नाय?"

"नाय गो."

"आणि मी दुपारभर तुझ्या बापाशी काय बोलायचं ते जुळवत बसले! भाऊबंदांना काय सांगायचं, तेपण ठरवलं." तिच्या आवाजात चक्क राग होता. "एवढं काळीज घट्ट केलं, ते फुकट गेलं."

सुकट आणि भाकऱ्या दोघांपुरत्या होत्या, पण वहिनींनी पाव आणले आणि दारातच पंगत बसली. त्या मुलानं तीनदा मागून घेतलं. गल्लीतल्या एका नर्सबाईंनी आईचे सुजलेले पाय बघून तिला गोळी दिली आणि डॉक्टरांची वेळही सांगितली. आई सगळ्यांना कुठलं गाव, आई कशी आहे, घरी शेवटचा कधी गेलास, असं विचारत होती. पण माझ्या राहण्याबद्दल एक अक्षर नाही. मी घास नुसता फिरवत होते. माझ्या खोलीत ती उभ्या उभ्या डोकावली आणि निघाली.

स्टँडवर चालत जाताना मला राहवेना. "बॅग भरू का गो? बाबांना काय सांगणार तू?"

ती चालता चालता थांबली.

"पोरीनं मुसलमानाशी लगीन केलंय नि ती सुखात हाय, हे मी त्यांना सांगणार होते. आता ती पेणला राहते, एवढंच सांगायचं. त्याला काय जोर लागतो?"