भेरू दांच्या सहा घोड्या

केसपेपरवर जनावराचं वय, ताप आणि औषध लिहायला जागा असते. मालक काय म्हणाला, त्याला रकाना नसतो. ते मग डोक्यात साठत जातं. उज्जैनमधल्या माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत साठलेला निम्मा माल एकाच माणसाचा आहे. भेरूलालजी. देवास गेटच्या मागच्या गल्लीत लग्नाच्या सहा घोड्या सांभाळतात. सगळे त्यांना भेरू दा म्हणतात. आमच्याकडे कुणी चहाला आलं की आई म्हणतेच, “अगं, तो भेरू दांचा किस्सा सांग ना.” आणि मग एकावर भागत नाही.

*

मी जनावरांची डॉक्टर. आमचे पूर्वज म्हणे इथल्या सरदारांच्या पागेत कारकून होते, म्हणजे घोड्यांविषयी लिहायचे. घोड्याला हात लावणारी घराण्यातली पहिली मीच, आणि तोही चुकीच्या बाजूने. माझे हात गाई-म्हशींना सरावलेले. पहिल्याच भेटीत बॅग घेऊन थेट घोडीच्या मागे जाऊन उभी राहिले.

भेरू दा ओरडले नाहीत. ओरडले असते तर घोडी दचकली असती. हळूच म्हणाले, “मैडम, घोड़ी का दरवाज़ा कंधे के पास है. नाम लेकर आओ. इसका नाम मोती है.”

मी फिरून खांद्यापाशी गेले, “मोती” म्हटलं. तिने एक कान माझ्याकडे वळवला. तेव्हापासून मी इंजेक्शनच्या आधी नाव विचारते. म्हशींचंसुद्धा.

*

रोज सकाळी प्रत्येक घोडीचे चारही खूर उचलून साफ करायचे आणि हुंगायचे, हे मला भेरू दांनीच शिकवलं. तळव्याची खाच सडायला लागली की घोडी लंगडायच्या कितीतरी आधी वास येतो.

एकदा गेले तर पाय भेरू दांच्या हातात आणि नाक त्यांच्या बायकोचं, गीताभाभींचं. भेरू दांना सर्दी झाली होती. भाभी तिसऱ्या खुरावर थांबल्या. “ये वाला.” मी तपासलं. खाचेत अगदी आत काळी ओल धरली होती.

“भाभी, आपकी नाक तो मशीन है.”

“सर्दी तो इनको आज हुई है, मैडम,” भाभी म्हणाल्या. “खुर बीस साल से मैं ही सूँघ रही हूँ. ये पैर पकड़ते हैं.”

भेरू दांनी शांतपणे पुढचा पाय उचलला.

*

फ्रीगंजमधले एक कापडवाले शेठजी मुलीसाठी भेरू दांच्या एका घोडीची बछेडी घ्यायला आले. अंगावरचे भोवरे शुभ आहेत का, पाय किती पांढरे, सगळं विचारून झालं. भेरू दांनी एकच विचारलं, “रखोगे कहाँ?”

“गैरेज है ना. पक्का, शटर वाला.”

“तो एक दोपहर शटर गिराकर आप बैठ लो. फिर बात करेंगे.”

शेठजी तणतणत गेले. पंधरा दिवसांनी परत आले, जरा ओशाळलेले. “बैठा था,” ते म्हणाले. “बीस मिनट.” त्यांनी शटर काढून टाकलं होतं, समोरासमोर खिडक्या पाडल्या होत्या, फरशी उखडून माती घातली होती. भेरू दा जाऊन बघून आले, आणि बछेडी दिली. आता शेठजीच रोज तिला खरारा करतात. मुलगी म्हणते, माझा नंबरच लागत नाही.

*

भेरू दांना मोतीपासून शिंगरू हवं होतं. एका घोडेवाल्याने आपल्या घोड्याचे मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. घोडा दोन पायांवर नाचतोय, खाटेवर चढतोय. भेरू दांनी मोबाइल परत केला. “इसके बच्चे दिखाओ.”

दोन दिवस आम्ही गावोगाव त्या घोड्याची पिल्लं बघत हिंडलो. भेरू दा पाय सरळ आहेत का बघत, मग नुसते शेजारी उभे राहत. तिसऱ्या गावात एका शिंगराने त्यांचं पागोटं दातात धरून ओढलं आणि अंगणभर पळवलं. घोडेवाला खजील. भेरू दा उघड्या डोक्याने हसत म्हणाले, “डरता नहीं है. यही बाप चलेगा.”

अकरा महिन्यांनी मोती व्याली. शिंगरू उठायला गेलं आणि पडलं. पुन्हा पडलं. मी पुढे झाले तर भेरू दांनी हात आडवा धरला. “रुको मैडम. उसको अपने पैर गिनने दो.”

पाचव्या वेळी ते उभं राहिलं आणि चाचपडत आईच्या दुधाला लागलं. तरी भेरू दांनी पेढ्यांचा बॉक्स बंदच ठेवला. वार, म्हणजे गर्भाभोवतीचं वेष्टन, पडल्यावर ती गोणपाटावर पसरून, कुठे तुकडा आत राहिला नाही ना हे बघितलं, हात धुतले, आणि मग बॉक्स उघडला.

*

आणि चांदनी. पांढरी, सगळ्यांत जुनी. एका सकाळी तिचं पोट धरलं. लीद बंद. मी कान लावला तर आतड्यांचा आवाज जवळजवळ नाही. इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेल पाजलं. भेरू दा तिला फिरवत होते. दुपारी तिने बसकण मारली आणि उठेना. ओढलं, आवाज दिले, काही नाही. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की माझ्याकडचं संपलंय, आता तिला किती वेळ त्रास द्यायचा ते ठरवावं लागेल.

ते भाभींना म्हणाले, “बैंड वाले को बुला ला.”

शेजारच्या बँडवाल्याचे सात जण जेवणावरून उठून आले, अर्धे बनियनवर. ढोल वाजला, मग क्लॅरिनेट. चांदनीचे कान उभे राहिले. तिने पुढचे पाय टाकले, थरथरत जोर लावला आणि उभी राहिली. आणि वरातीच्या चालीने चालायला लागली.

गल्लीतून बँड पुढे, चांदनी मागे, लगाम धरलेले भेरू दा, आणि बॅग घेऊन मी. रस्त्यावर आलो तर वाहनं थांबली. बसमधून कुणीतरी विचारलं, “दूल्हा कहाँ है?” दोन फेऱ्या झाल्या. तिसरीत क्लॅरिनेटवाल्याचा दम संपत आला होता, तेव्हा चांदनी थांबली, शेपूट उचललं आणि भर रस्त्यात लीद टाकली.

बँड बंद पडला. भेरू दांनी वाकून ती दोन्ही हातांनी उचलली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “लो मैडम, रिपोर्ट आ गई.”