छायाताईंची शेवटची साडी

दुबईच्या कुसैस भागातल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर खैरुन्निसा राहते. फॉल-पिको करते, रफू करते. इथल्या मराठी बायका एकमेकींना तिचा नंबर देताना एवढंच सांगतात, "हातमागाची साडी असेल तर दुसरीकडे टाकू नकोस." ती मूळची रत्नागिरीची. नवरा हनीफ शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये ट्रेलर चालवतो.

छायाताई तिच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा दोघीही तिशीतल्या होत्या. हिरव्या इरकलीला खिळ्यात अडकून भोक पडलं होतं आणि छायाताईंचा चेहरा रडवेला झाला होता. खैरुन्निसाने त्याच साडीच्या आतल्या टोकाचे धागे काढून ते भोक असं भरलं, की कुठे होतं ते छायाताईंना सापडेना. त्या दिवशी चहा झाला आणि मग अठरा वर्षं होतच राहिला.

साड्या कशा ठेवायच्या हे छायाताई तिच्याकडूनच शिकल्या. डांबराच्या गोळ्या नकोत, प्लास्टिक नको, हँगर तर नकोच. जुन्या मलमलीत गुंडाळायच्या, आणि वर्षातून एकदा घडी मोडून वेगळ्या जागी घालायची, नाहीतर रेशीम घडीवर चिरतं. दर जानेवारीत खैरुन्निसा त्यांच्या दुबई मरीनातल्या फ्लॅटवर जायची. हॉलभर चादरी पसरायच्या, दोघींनी दोन टोकं धरायची, साडी झटकायची. तेवढ्यात दोन घरांची सगळी सुखदुःखं बोलून व्हायची. छायाताईंचे यजमान गुणवंतराव ऑफिसातून आले की म्हणायचे, "यल्ला, चला, आता मला बसायला जागा द्या!"

मागच्या नवरात्रात एका प्रदर्शनात छायाताईंनी लेकीसाठी, ईशानीसाठी, पैठणी घेतली. अडीच हजार दिरहम, म्हणजे जवळजवळ साठ हजार रुपये. तिथूनच त्यांनी खैरुन्निसाला बोलावून घेतलं. भोवती पाच-सहा मैत्रिणी होत्या.

"बघ गं, कशी आहे?"

खैरुन्निसाने सवयीने पदर उलटा केला. हाताने विणलेल्या पैठणीचे मोर मागूनही पुढच्यासारखेच दिसतात. इथे मागे नुसते सुटे धागे लोंबत होते.

"ताई, ही मशीनची आहे. फसवलं तुम्हाला."

कुणीतरी हसलं. छायाताईंचा चेहरा उतरला. "तुला काय, सगळ्यांत खोटच दिसते," एवढं बोलून त्यांनी साडी पिशवीत कोंबली.

त्यानंतर फोन बंद. जानेवारी आला आणि गेला. खैरुन्निसा हनीफला म्हणायची, "मी खरं तेच सांगितलं ना? मग मीच का फोन करायचा?" तरी रोज दुपारी मोबाईल मशीनशेजारी ठेवून बसायची.

जूनमध्ये एके सकाळी गुणवंतरावांचा फोन आला. "भाभी, छाया गेली." डोक्यात रक्तस्राव झाला होता. आदल्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात पडल्या, त्या पुन्हा शुद्धीवर आल्याच नाहीत. "पुण्याला न्यायचंय तिला. कुठली साडी द्यायची, मला काही कळत नाहीये. तुम्ही याल?"

मरीनातल्या त्या बेडरूममध्ये कपाट उघडंच होतं. पलंगावर गुणवंतरावांनी लग्नातली हिरवी पैठणी काढून ठेवली होती. "पुण्याहून माझ्या काकू फोनवर म्हणाल्या, सवाष्ण आहे, हिरवीच नेसवा. ही सगळ्यात भारी आहे ना?"

खैरुन्निसा कपाटापुढे बसली. प्रत्येक साडी मलमलीत होती. घड्या बदललेल्या होत्या. जरा वेड्यावाकड्या, एकट्या माणसाने घातल्यासारख्या.

"जानेवारीत एकटीच बसली होती दिवसभर," मागून गुणवंतराव म्हणाले. "मला म्हणाली, खैरुनचंच बरोबर होतं, ती पैठणी खोटीच निघाली. मी म्हटलं, मग कर की फोन. तर म्हणाली, आता कुठल्या तोंडाने करू?"

खैरुन्निसाने ओढणी तोंडात कोंबली.

मग तिने डोळे पुसले आणि पैठणी पुन्हा मलमलीत गुंडाळली. "ही ईशानीसाठी राहू दे, भाऊ. ही ताईंनी चार वेळासुद्धा नेसली नसेल. अंगाला टोचते म्हणायच्या." खालच्या कप्प्यातून तिने हिरवी इरकल काढली. नेसून नेसून तिचा पोत लोण्यासारखा मऊ झाला होता. "ही द्या. हिच्यात त्या सुखाने वावरायच्या."

मुहैस्नाहला, मायदेशी न्यायचे मृतदेह जिथे तयार करून पेटीत ठेवतात, तिथे खैरुन्निसा आणि ईशानी, दोघींनाच आत सोडलं. ईशानी दाराशीच थांबली. वीस वर्षांची पोर, इथेच वाढलेली.

"आंटी, आय डोन्ट नो हाऊ."

"ये बाय माझी. तू नुसती पदर धर."

निजलेल्या माणसाला साडी नेसवणं सोपं नसतं. खैरुन्निसाने एकेक निरी बोटांवर मोजून घातली, टोकं सारखी केली. कुठेही टाचणी लावली नाही. छायाताईंना टाचणी आवडायची नाही. लाल पदर खांद्यावरून घेतला, तेव्हा ईशानी म्हणाली, "शी लुक्स लाइक शी इज गोइंग आउट." आणि ती भिंतीला टेकून मोठ्याने रडू लागली. खैरुन्निसाने तिला छातीशी धरलं. छायाताईंना आठ महिन्यांचं काही सांगायचं मात्र राहूनच गेलं.

परतताना गाडीत हनीफने विचारलं, "झालं सगळं नीट?"

"ती पैठणी खोटीच होती हो," ती म्हणाली. "पण ते मला त्यांच्या घरी जाऊन, दोघीच असताना सांगता आलं असतं."

घरी पोचल्यावर खालच्या मजल्यावरची मुग्धा ब्लाउज न्यायला जिन्यातच उभी होती. खैरुन्निसा तिला म्हणाली, "पुढच्या आठवड्यात ये गं. आज माझी ताई गेली."