वाचनालयाची सतरंजी

"उचल वं, अन् नदीवर नेऊन आपट. तुमीच बसल्या, तुमीच धुवा."

सरपंचानं सतरंजी पायानं लोटली. ती माझ्या मायच्या तोंडावर आली. आताच तर आम्ही तिच्यावर बसलो होतो. साहेबाच्या जीपची धूळसुद्धा खाली बसली नव्हती.

मायनं उचलली. सुती सतरंजी ओली झाली की मेलेल्या म्हशीसारखी जड होते. दोघींनी खडकावर आपटली, पिळली, कुंपणावर वाळत घातली. मग सरपंचाच्या घरचं कोणीतरी तिच्यावर गोमूत्र शिंपडून गेलं. सतरंजी वाचनालयात गेली. आम्ही वस्तीत.

आता आधीचं सांगते. चांदूर रेल्वेच्या पलीकडे आमचं गाव. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन-तीन वर्षं झालेली. सरकारनं पंचायतीला खोली दिली, पुस्तकांचं कपाट दिलं, रेडिओ दिला, पोरांसाठी बाहेर लोखंडी झोपाळा दिला, बायांचं महिला मंडळ काढायला लावलं. 'साऱ्या गावासाठी' असं भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं. मी दुसरीतून शाळा सोडली होती, पण किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून अक्षर पक्कं केलेलं. ती भिंत मी रोज वाचायची. डोक्यावर शेणाची पाटी घेऊन वाचायची. तिथं बसणं मात्र वर्षातून एकदाच, तपासणीचा साहेब आला की. कोतवाल वस्तीत हाका मारत यायचा, "आंघोळी करून चला वं बायांनो, सायेबाले दाखवाचं हाये!" दारासमोर अंगणात सतरंजी टाकून आम्हाला पुढच्या रांगेत बसवायचे. साहेब खूश व्हायचा. अन् मग ते सतरंजी धुणं.

दुसऱ्या वर्षी मी बारा वर्षांची होते. तेव्हाच्या साहेबानं माझ्याकडे बोट केलं. "हिला वाचता येतं का?"

कोणी काही बोलायच्या आत मी म्हटलं, "येते."

त्यानं कपाटातलं एक पातळ पुस्तक काढून दिलं. मी उभी राहून वाचलं, "विहीर सर्वांची असते. तिची काळजी सर्वांनी घ्यावी." मागं कोणीतरी खाकरलं. गावच्या विहिरीला आमच्या एकाचाही पोहरा लागला नव्हता. साहेबानं टाळी वाजवली. "पुस्तक घरी ने. वाचून झालं की परत आण."

जीप गेली. सरपंच पुढं आला. त्यानं हात नाही, टेबलावरचा लाकडी रूळ पुढं केला. माझ्या बोटांवर हाणला. काडकन आवाज आला. पुस्तक पडलं. ते त्यानं बुटानं दाराच्या आत ढकललं.

"लय शायनी झाली तुई पोरगी. चला, उठा. सतरंजी धुवा."

माय उठली. साऱ्या उठल्या. मी उठले नाही.

"उठ वं बाई," माय म्हणाली.

"पुस्तक दिलं का उठतो."

मग सरपंचाची काठी. पाठीवर, खांद्यावर, कानावर. कानातून रक्त निघालं, सतरंजीवर पडलं. मी सतरंजीच्या दश्या मुठीत धरून बसले. शेवटी सतरंजीच ओढावी म्हणून सरपंच खाली वाकला, अन् तसाच थांबला. त्या टोकावर माझा पाय होता.

तेव्हा मला कळलं. हा मला मारू शकतो, उचलू शकत नाही. काठीला विटाळ होत नाही. हाताला होतो.

मी पाय अजून पुढं सरकवला. तो मागं सरला. जन्मात पहिल्यांदा माझ्यामुळं कोणी मागं सरलं होतं. तोंडात रक्त, अन् मला हसू आलं.

माय माझ्याकडे आली. वाटलं, दंड धरून ओढते आता. ती माझ्याजवळ बसली. "मारा," ती म्हणाली, "पाहू किती मारता." मग एकेक करून बाकीच्या बसल्या.

सरपंच कोतवालावर ओरडला, "ओढ यायले!" कोतवाल आमचाच, माझा काका. त्यानं काठी भिंतीला टेकवली अन् पोरांच्या झोपाळ्यावर जाऊन बसला. त्या झोपाळ्यावर आमच्यातलं बसलेलं ते पहिलं माणूस.

सरपंचानं लाथेनं पुस्तक बाहेर उडवलं. "घे, अन् मर. उचल."

पुस्तक धुळीत उघडं पडलं. विहिरीचंच पान. उचलावंसं किती वाटलं म्हणून सांगू! चार बोटांवर तर होतं.

"हातात द्या, पाटीलबुवा," मी सरपंचाला म्हटलं, "सायेबानं हातात देलं होतं."

त्यानं दिलं नाही. दिवस मावळेपर्यंत आम्ही बसलेल्याच होतो, तेव्हा त्याची माणसं बंडी घेऊन आली अन् तिच्या कडेच्या उभाऱ्या, लांब लाकडी दांडे, उपसले. त्यांना शिवायची गरज नव्हती, लांबूनच हाणत होते. वस्तीतून धावत आलेल्या बापाचं डोकं फुटलं. मायचे दोन दात गेले. काकाचा हात मोडला, कोतवाली गेली. वस्तीची मजुरी बंद झाली. पुस्तक बंडीच्या चाकाखाली गेलं, ते मी पाहिलं.

पुढच्या वर्षी नवा कोतवाल हाका मारून मारून थकला. कोणी आंघोळ केली नाही. साहेबानं रिकामी सतरंजी तपासली.

नात म्हणते, "आजी, एवढ्याशा पुस्तकासाठी?" हो माय, पुस्तकासाठीच. रुळानं मोडलेलं ते बोट वाकडंच जुळलं. त्याच हातानं हे लिहून राहिले. फेकलेलं मी तेव्हा उचललं नाही, पुढंही उचललं नाही. जे माझं आहे, ते हातात द्या. नाही तर मी बसले आहे.