शाफ्टवरचं फडकं

फोनवर रफीकभाईंचं नाव दिसलं आणि मी ‘हॅलो’ही न म्हणता सुरू झालो, "बरं झालं तुम्हीच केलात, तीन नंबरच्या मशीनची मोटार पुन्हा गरम होतेय..." मध्येच त्यांच्या मुलीचा आवाज आला, "काका, मी शबाना. अब्बा सकाळी गेले." मागे मशीन घरघरत होतं.

त्याला आता महिना होऊन गेला. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा छोटा गाळा होता. बंद पडलेल्या कारखान्यांतल्या जुन्या सर्वो मोटारी, म्हणजे मशीनचे भाग नेमके हलवणाऱ्या मोटारी, आणायच्या, खोलून धुवायच्या, बेअरिंग बदलायचं, तासन्‌तास चालवून बघायच्या आणि मगच विकायच्या, हा त्यांचा धंदा. मी एका कंपनीतला मेंटेनन्सवाला, म्हणजे कायम घाईत. पण गिऱ्हाइकाने डोळे मिटून शाफ्ट, म्हणजे मोटारीचा फिरता दांडा, हाताने फिरवल्याशिवाय ते मोटार सोडत नसत. "नवी पाहिजे तर कंपनीकडं जा, गांगुर्डे साहेब. जुनीशी पहले ओळख करून घ्यावी लागते," म्हणायचे. मला त्यांचा रागच यायचा.

पहिल्या वर्षीची गोष्ट... मी अजून नोकरीत कायम व्हायचा होतो. त्यांच्याकडची मोटार बसवताना तिला मशीनशी जोडणारं कपलिंग शाफ्टवर सरकेना, आणि मॅनेजरचे फोनवर फोन. मी हातोडीचे दोन घाव घातले. या मोटारीच्या मागच्या टोकाला काचेची पातळ चकती असते. शाफ्ट कुठवर फिरला ते मशीनला तिच्यामुळेच कळतं. पुढून ठोकलं की ती मागे फुटते. हे मला ठाऊक होतं, तरी ठोकलं. मोटार चालली नाही, आणि मी मॅनेजरना सांगितलं, जुना माल गळ्यात मारलाय.

मॅनेजरनी रफीकभाईंना बोलावून सगळ्यांदेखत झाडलं. रफीकभाईंनी मागचं झाकण उघडलं. काचेचा चुरा त्यांच्या तळहातावर पडला. मग शाफ्टच्या टोकावरचा ताजा वण त्यांनी अंगठ्याने चाचपला, माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "माझ्याच हातून राहिलं असेल, साहेब. दुरुस्त करून देतो." मी मान खाली घातली. तोंड उघडलं नाही. पुढे दोन वर्षं आमच्या कंपनीने त्यांना दारात उभं केलं नाही, आणि मी मात्र कायम झालो.

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक मोटारीच्या शाफ्टला एक पिवळं फडकं बांधलेलं असे, त्यावर मार्करने लिहिलेलं, ‘ठोकू नका’. मला एका शब्दाने कधी बोलले नाहीत. उलट चहा पाजायचे. किती वेळा वाटलं, आज सांगून टाकू... चहा संपायचा, मी उठायचो. भित्रा होतो मी, दुसरं काही नाही.

परवा तीन नंबरची मोटार अखेर बंद पडली, म्हणून गाळ्यावर गेलो. आता तो शबाना सांभाळते. अब्बांनीच तयार करून ठेवलेली एक मोटार तिने टेबलावर ठेवली आणि फडक्यांचा डबा उघडत म्हणाली, "अब्बांच्या हातून एकदा खराब मोटार गेली होती, काका. तेव्हापासून हे बांधायला लागले."

म्हणजे घरीसुद्धा त्यांनी ते स्वतःवरच घेतलं होतं. मी म्हणालो, "बेटा, ती मोटार चांगली होती. मी फोडली. हातोडीने."

तिने मोटार माझ्याकडे सरकवली. मग डब्यातलं एक फडकं काढून तिने माझ्यापुढे धरलं. "मग हे तुम्हीच बांधा."

अक्षर रफीकभाईंचंच होतं. मी डोळे मिटून शाफ्ट फिरवला. तो कुठेही न अडखळता फिरला. फडक्याची गाठ मात्र मला दोनदा बांधावी लागली.