सासरा नसलेलं घर

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीसाठी, अक्कासाठी, आमच्या घरी सासरा नसलेलं घर शोधत होते. मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला भोवते म्हणतात, तेव्हा तो आधीच वारलेला बरा. कुणी स्थळ सुचवलं की अण्णा, म्हणजे आमचे वडील, आधी विचारायचे, "मुलाचे वडील आहेत का?" "ठणठणीत आहेत," असं उत्तर आलं की आई हळहळायची.

बेंगळूरच्या राजाजीनगरात आमच्या तीन पिढ्या गेल्या. अण्णांचं कानडी आईच्या मराठीपेक्षा बरं, पण पंचांग मात्र पुण्याचंच हवं. इथल्या पंचांगाला काय कळतंय! अक्का थंडीत जन्मली, त्या दिवशी त्यांनी स्वतः हिशेब केला होता. जुन्या पंचांगात वेळ सूर्योदयापासून घटकांत मोजायची. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. बारा घटकांना ज्येष्ठा नक्षत्र संपून मूळ लागत होतं, आणि अण्णांच्या मोजणीत अक्काचा जन्म साडेबारा घटकांवर आला. अर्ध्या घटकेनं घात केला.

एकतिसाव्या वर्षी अक्कानं ऑफिसातल्या एकाचं नाव काढलं. त्याचे वडील होते, रोज पहाटे फिरायलाही जात होते. "दुसऱ्याच्या बापाचा जीव मी घेणार नाही," अण्णा म्हणाले. अक्का आठवडाभर धड जेवली नाही. तिच्याकडे बघून मलाच रडू यायचं.

शेवटी मीच ते जुनं पंचांग घेऊन शेजारच्या कानडी भटजींकडे गेले. माझंही लग्न तिच्यामागे रांगेत उभं होतं, खोटं कशाला बोलू!

त्यांनी पान बघितलं. "सूर्योदय कुठला धरला?"

"कुठला म्हणजे? सूर्य एकच तर आहे!"

सूर्य एकच, पण थंडीत तो पुण्याआधी वीस-बावीस मिनिटं बेंगळूरला उगवतो. अण्णांनी पुण्याच्या घटका बेंगळूरच्या सूर्योदयापासून मोजल्या होत्या, म्हणजे जवळजवळ एक घटका जास्त; ती वजा केली की जन्म बारा घटकांच्या आतच येत होता. अक्काचं नक्षत्र मूळ नव्हतंच, ज्येष्ठा होतं.

भटजी स्वतः घरी आले. "स्वल्प चूक झाली, रायरे," असं कानडी वळणानं 'राव' म्हणत त्यांनी अण्णांना सांगितलं. एकतीस वर्षं, आणि म्हणे स्वल्प!

अण्णा बोटांवर पुन्हापुन्हा मोजत बसले. चेहरा उजळला, आणि लगेच उतरला. "ज्येष्ठा थोरल्या दिराला वाईट," ते पुटपुटले. "मुलाला मोठा भाऊ आहे का गं?"

होता.

अक्का पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं आवाज चढवला नाही. "अण्णा, इतकी वर्षं माझ्यासाठी लोकांचे मेलेले बाप शोधलेत. आता मेलेले भाऊ शोधणार?"

भटजी घाईघाईनं चपला शोधू लागले. अण्णांनी पंचांग मिटलं. मग म्हणाले, "रविवारी त्याला जेवायला बोलाव. वडिलांना आण म्हणावं. भावालाही."

"पण साडेचारच्या आत उठायला हवं त्यांनी," आई म्हणाली, "नंतर राहुकाळ लागतो."

"बसू दे त्यांना हवं तेवढं," अण्णा म्हणाले.