सोळा बाय वीसची फ्रेम

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. पण परवा माझ्या फोटो स्टुडिओत बसून एकजण म्हणाला, "फोटोच तर आहे" — आणि माझं डोकंच फिरलं. फोटोच तर?

भूगावातल्या एका दादांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. बंगला वडिलोपार्जित जमिनीवर. त्यांच्या बहिणीनं, आक्कांनी, कासारसाईहून येऊन त्या जमिनीवरचा हक्क न कुरकुरता सोडला होता. घरच्यांच्या फोटोत एका टोकाला आक्का, दुसऱ्या टोकाला बिल्डर. घरच्यांच्या फोटोत बिल्डर कशाला? — पण मला कोण विचारतं. मी कडेला जागाच न सोडता फोटो घेतला. दोन पावलं मागं सरायला काय झालं होतं मला? प्रिंटच्या मापात बसवताना फोटो कडेनं थोडा कापावा लागतो, हे या धंद्यात सगळ्यात आधी शिकतात.

दादांनी सोळा बाय वीसची फ्रेम मागितली. फोटो त्यात बसेना. एक टोक जाणार. पांढरी कड ठेवून अख्खा फोटो बसवता आला असता. निदान विचारता आलं असतं. पण बिल्डर मला कामं देत होता. मी आक्कांना कापलं.

इथवर कदाचित तुम्ही मला माफही कराल. करू नका, थांबा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आक्का स्टुडिओत आल्या. दादांच्या भिंतीवर फोटो बघून आलेल्या. आवाज अगदी शांत. "ताई, मी तितं हुते. दादानं काडाय लावलं का मला?"

नाही — एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "घरचे सांगतात तसं आम्ही करतो."

दादांनी काहीच सांगितलं नव्हतं. बहीण फोटोत नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं — त्याचाही मला संताप येतो. पण खोटं मी बोलले.

आक्का त्या घरी पुन्हा गेल्या नाहीत. जमीन सोडल्याचा आता पस्तावा होतोय म्हातारीला, असं लोक माझ्यादेखत बोलायचे. आणि मी? लेन्स पुसत बसायचे.

यंदा दादांच्या मुलीचं लग्न झालं. फोटोला मीच. आक्का आल्या नाहीत. स्टेजवर दादा मला म्हणाले, "आक्का कशापायी रुसली, तेच कळंना. माझं काय चुकलं, सांगा की."

मी म्हणाले, "दादा, मान जरा सरळ." आणि फोटो काढला.